पेन्शन सरकारने द्यावी की ज्याची त्याने साठवावी?

पेन्शनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘माझ्या पगारातून कापलेले पैसे माझ्याच नावावर ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटला.’ ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. अडचण एवढीच आहे की बहुतेक देशांतल्या सार्वजनिक पेन्शनमध्ये ते पैसे कोणाच्याच नावावर ठेवलेले नसतात. आज कामावर असलेल्यांच्या पगारातून जी वर्गणी कापली जाते, ती जवळपास सगळी लगेच निवृत्तांच्या हाती जाते. हे कामगार उद्या निवृत्त होतील तेव्हा त्यांची पेन्शन त्या वेळची कमावती पिढी भरेल. या पद्धतीला आपण इथे ‘चालू वर्गणीची पेन्शन’ म्हणू.

एवढी एक गोष्ट नीट कळली की खासगीकरणाचा सगळा वाद वेगळा दिसायला लागतो. पैसे कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न मागे पडतो. आधी देऊन ठेवलेली वचनं कोण निभावणार आणि म्हातारपणाची जोखीम कोणाच्या डोक्यावर टाकायची, हे दोन प्रश्न पुढे येतात. खासगीकरणाच्या प्रचारात या दोन्हींची उत्तरं क्वचितच सापडतात, म्हणून हा लेख.

अमेरिकेतल्या आयडा मे फुलर या बाईंचं उदाहरण घेऊ. व्हरमाँट राज्यात एका वकिलाच्या कचेरीत त्या काम करत. अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा कायदा १९३५चा आणि वर्गणी कापायला सुरुवात झाली १९३७ मध्ये. जानेवारी १९४० मध्ये त्यांना २२.५४ डॉलरचा चेक मिळाला. दरमहा पेन्शन मिळणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या व्यक्ती. तोवर त्यांच्या पगारातून एकूण २४.७५ डॉलर कापले गेले होते, म्हणजे दुसऱ्याच चेकला वर्गणी वसूल झाली. फुलरबाई शंभर वर्षं जगल्या. १९७५ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत त्यांना मिळालेली पेन्शन २२,८८८ डॉलरच्या वर गेली होती.

यात त्यांनी कोणाची फसवणूक केली नव्हती. महामंदीत बचत बुडालेल्या, हातात काहीच नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ‘आता वर्गणी भरायला लागा आणि चाळीस वर्षांनी या’ असं सांगणं क्रूरपणाचं ठरलं असतं. म्हणून पहिल्या पिढीला वर्गणीच्या कितीतरी पट पेन्शन मिळाली, आणि त्या काळात ते योग्यच होतं. पण ती रक्कम ज्यांच्या पगारातून आली, त्यांना बदल्यात वचन मिळालं. त्यांचं वचन पुढच्या पिढीने निभावलं, तिचं त्यापुढच्या पिढीने. साखळी चालू आहे तोवर पहिल्या पिढीला दिलेल्या रकमेचं ओझं कोणाला जाणवत नाही. साखळी तोडायची ठरवली की ते सगळं एकाच पिढीच्या अंगावर येतं.

<b>मग बिघडलं कुठे?</b>

चालू वर्गणीच्या पेन्शनमध्ये ‘परतावा’ मिळतो तो देशातल्या एकूण पगाराच्या वाढीतून. कामगारांची संख्या वाढत असेल आणि त्यांचे पगारही वाढत असतील, तर त्याच दराच्या वर्गणीत निवृत्तांना जास्त देता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही दशकं नेमकी अशी होती, आणि बहुतेक देशांची पेन्शनची वचनं त्या भरभराटीत वाढत गेली.

आता जन्मदर खाली आले आहेत आणि आयुर्मान वाढलं आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली कायद्याने वृद्धापकाळाची पेन्शन आली, तेव्हा ती सत्तरीनंतर मिळायची आणि तिथपर्यंत थोडेच कामगार पोचायचे. आज जपानमध्ये दर दहा माणसांत जवळपास तिघे पासष्टीच्या पुढचे आहेत. कमी कमावत्यांनी जास्त निवृत्तांना पोसायचं, ही अडचण खरी आहे. ती नाकारून चालणार नाही.

तरी ‘पेन्शन बुडणार’ या ओरडीतली एक गफलत इथेच दूर करायला हवी. अमेरिकेत मागच्या दशकांमधली जास्तीची वर्गणी एका राखीव निधीत जमा होती. २०२५च्या अधिकृत अहवालानुसार वृद्धापकाळ पेन्शनचा हा निधी २०३३ मध्ये संपेल. बातम्यांत याचा अर्थ ‘त्यानंतर काहीच मिळणार नाही’ असा लावला जातो. अहवाल सांगतो ते वेगळंच : त्यानंतरही दर महिन्याला येत राहणाऱ्या वर्गणीतून ठरलेल्या पेन्शनच्या सुमारे ७७ टक्के रक्कम देता येईल. उरलेले २३ टक्के हा फार मोठा खड्डा आहे. पेन्शनवरच जगणाऱ्याचं त्याने कंबरडं मोडेल. पण खड्डा बुजवणं आणि अख्खा रस्ता उखडून नवा बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत.

<b>चिलीने काय केलं</b>

रस्ता उखडून नवा बांधणारा पहिला देश चिली. तिथे लष्करी राजवट असताना कामगारमंत्री होसे पिन्येरा यांनी १९८० मध्ये कायदा आणला आणि १९८१ पासून तो लागू झाला. प्रत्येक कामगाराने पगाराचे दहा टक्के स्वतःच्या खात्यात भरायचे, वर खासगी पेन्शन कंपनीची फी द्यायची. कंपनी ते पैसे गुंतवणार, आणि निवृत्तीच्या वेळी खात्यात जमलेल्या रकमेतून पेन्शन निघणार. पेन्शनसाठी मालकाने भरायचा हिस्सा बंद झाला. लष्कराने मात्र स्वतःला या योजनेतून बाहेर ठेवलं. ज्यांनी ही योजना देशावर लादली त्यांनाच ती स्वतःसाठी नको होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता साखळी तुटल्यावर काय होतं ते बघा. समजा एक कामगार त्या वर्षी पस्तिशीत होता. त्याची वर्गणी आता त्याच्या खात्यात जाते. पण त्याची आई निवृत्त झालेली आहे आणि तिला पेन्शनचं वचन दिलेलं आहे. कालपर्यंत ती पेन्शन याच्यासारख्यांच्या वर्गणीतून निघायची, आज तो झरा आटला. शिवाय या कामगाराने स्वतः पंधरा वर्षं जुन्या पद्धतीत भरलं, त्याचीही भरपाई व्हायला हवी. हे पैसे येणार एक तर करांतून, म्हणजे या पिढीने दोनदा भरायचं. किंवा सरकारी कर्जातून, म्हणजे पुढच्यांनी भरायचं. किंवा इतर खर्च कापून. चिली सरकारने आधी अर्थसंकल्पात शिल्लक तयार ठेवली होती, आणि तरीही जुन्या पेन्शनींचा बोजा तिजोरीवर पुढची कित्येक दशकं राहिला. आधी न दिसणारी देणी आता कागदावर दिसू लागली, एवढाच फरक. ती कमी झाली नाहीत.

चिलीच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. पहिल्या काही वर्षांत परतावा उत्तम मिळाला, भांडवल बाजार वाढला, आणि सलग चाळीस वर्षं चांगल्या पगाराची पक्की नोकरी करणाऱ्याचं बरं झालं. पण सलग नोकरी किती जणांच्या नशिबी असते? कंत्राटी, हंगामी, बिनपावतीचं काम करणाऱ्यांच्या खात्यात वर्षानुवर्षं काही जमा झालं नाही. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायला घरी राहिलेल्या स्त्रियांचं तर विचारूच नका. खात्यात पैसा नाही म्हणजे पेन्शन नाही, असा तिथला हिशोब.

शेवटी सरकारला परत यावंच लागलं. मिशेल बाचेलेत राष्ट्राध्यक्ष असताना २००८ मध्ये गरीब वृद्धांसाठी करांतून दिली जाणारी पेन्शन आली. २०१६ मध्ये खासगी पेन्शन कंपन्यांविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, लोकांना आपल्या पेन्शन खात्यातून तीनदा पैसे काढू दिले आणि लाखो खाती रिकामी झाली. २०२२ मध्ये अतिश्रीमंत सोडून बहुतेक सगळ्या वृद्धांना हमीची पेन्शन सुरू झाली, आणि २०२५च्या कायद्याने मालकांचा हिस्साही टप्प्याटप्प्याने परत आणला. सगळं खासगी खात्यांवर सोडलेला देश चार दशकांत एकेक करून सार्वजनिक आधार पुन्हा उभे करत गेला.

<b>फी, बाजार आणि आयुष्य</b>

खासगी खात्यांच्या जाहिरातीत परताव्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि फीचा बारीक अक्षरात. तो बारीक आकडा काय करतो ते कागदावर मांडून बघा. दर वर्षी १०० भरा, चाळीस वर्षं भरा, परतावा पाच टक्के धरा. शेवटी जमतात सुमारे १२,०८०. आता कंपनीने दर वर्षी जमलेल्या रकमेवर फक्त एक टक्का फी घेतली, म्हणजे हातात चार टक्के पडले. जमतात सुमारे ९,५००. एक टक्का म्हणता म्हणता पाचवा हिस्सा गेला. आणि बाजार चढो की पडो, ही फी दर वर्षी द्यावीच लागते. सरकारी योजना इथे सहज स्वस्त पडते, कारण तिला जाहिरात करायची नसते, दलाल नेमायचे नसतात आणि ग्राहक पळवायचे नसतात.

दलालांवरून ब्रिटन आठवतं. तिथे १९८८ पासून लोकांना नोकरीतली किंवा सरकारी पेन्शन सोडून वैयक्तिक योजनेत जायची मुभा मिळाली. विक्रेत्यांनी परिचारिका, शिक्षक, खाणकामगार अशा लोकांना चांगल्या हमीच्या योजनांमधून बाहेर काढून वाईट योजना गळ्यात मारल्या. पुढे कंपन्यांना अब्जावधी पौंडांची भरपाई द्यावी लागली. पेन्शन ही वस्तू अशी आहे की ती निकृष्ट निघाली हे तीस वर्षांनी कळतं. तोवर बदलून घ्यायची वेळ गेलेली असते.

बाजाराच्या जोखमीबद्दल सगळे बोलतात, तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. २००८ या एका वर्षात श्रीमंत देशांमधल्या खासगी पेन्शन फंडांनी आपल्या मूल्याचा सुमारे २३ टक्के भाग गमावला. तिशीतल्या माणसाला ती कसर भरून काढायला वेळ होता. त्याच वर्षी निवृत्त झालेल्याला नव्हता. दोघांनी वर्गणी सारख्याच प्रामाणिकपणे भरली होती.

जास्त जगण्याच्या जोखमीबद्दल मात्र कमी बोललं जातं आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. निवृत्तीच्या दिवशी खात्यात अमुक रक्कम आहे. ती पंधरा वर्षं पुरवायची की पस्तीस? कोणालाच माहीत नसतं. पंधरा धरून खर्च केला आणि जगलात, तर शेवटची वर्षं लेकरांच्या तोंडाकडे बघत काढायची. पस्तीस धरून काटकसर केली तर बहुतेकांचा पैसा वापरायचाच राहतो. लाखो लोक एकत्र आले की कोण किती जगेल याची सरासरी काढता येते आणि प्रत्येकाला मरेपर्यंत पेन्शन देता येते. एकट्या माणसाला सरासरी नसते. सार्वजनिक पेन्शनची खरी किंमत इथे आहे, आणि परताव्याचे टक्के तोलणाऱ्या कोष्टकात ती कधीच दिसत नाही.

<b>‘निदान सरकार तरी हात घालणार नाही’</b>

खासगी खात्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हा, आणि तो मी हलका मानत नाही. राजकारणी निवडणुकीपुरती पेन्शन वाढवून देतात आणि बिल पुढच्यांवर टाकतात, हे अनेक देशांत घडलं आहे. पण नावावर खातं असलं म्हणून ते सरकारच्या हातापासून लांब राहतं का? अर्जेंटिनाने १९९४ मध्ये खासगी खाती आणली, आणि २००८ मध्ये क्रिस्तिना किर्चनेर यांच्या सरकारने तो सगळा पैसा सरकारी योजनेत ओढून घेतला. हंगेरीने १९९८ मध्ये आणलेली खाती २०१०-११ मध्ये जवळजवळ सगळीच परत सरकारकडे आली. पोलंडने २०१४ मध्ये खासगी फंडांमधली निम्म्याहून अधिक मालमत्ता, म्हणजे त्यांच्याकडचे सरकारी रोखे, सार्वजनिक योजनेत वळवली. हंगेरी आणि पोलंड या दोन्ही देशांत एक कारण तेच होतं : वर्गणी खासगी खात्यांत गेल्यामुळे जुनी पेन्शन द्यायला सरकारला कर्ज काढावं लागत होतं, आणि युरोपीय संघाच्या तुटीच्या नियमांत ते बसेना. साखळी तोडण्याचा खर्च आधी नीट मोजला नाही, म्हणून नवी योजनाही टिकली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मोजणीप्रमाणे १९८१ ते २०१४ या काळात ३० देशांनी सार्वजनिक पेन्शनचं पूर्ण किंवा अंशतः खासगीकरण केलं, आणि २०१८ पर्यंत त्यातल्या १८ देशांनी ते पूर्ण किंवा अंशतः मागे घेतलं.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. म्हातारपणी लागतं काय? औषधं, शुश्रूषा, वीज, घराची डागडुजी. यातलं काहीही चाळीस वर्षं आधी साठवून ठेवता येत नाही. ते त्या वेळच्या तरुणांनीच तयार करायचं असतं. सरकारी पेन्शन म्हणजे त्यांच्या कमाईवरचा हक्क कायद्याने सांगितलेला. खासगी खातं म्हणजे तोच हक्क शेअर आणि रोख्यांच्या रूपात. निवृत्तांची मोठी पिढी एकदम शेअर विकायला निघाली आणि विकत घेणारे तरुण थोडे असले, तर भाव पडणार. म्हणजे म्हाताऱ्या होत चाललेल्या समाजाची अडचण दोन्ही पद्धतींना सारखीच भेडसावते. बचतीतून खरोखर नवे कारखाने, नवी यंत्रं, नवी कौशल्यं उभी राहिली, किंवा पैसा तरुण देशांत गुंतवला, तर फायदा होतो. नुसतं खातं उघडल्याने होत नाही.

<b>सुधारणा म्हणजे काय करायचं</b>

हाताशी उपाय मोजकेच आहेत : वर्गणी वाढवा, पेन्शन कमी वाढवा, निवृत्तीचं वय पुढे न्या, करांतून भर घाला. प्रत्येक उपाय कोणाला ना कोणाला टोचतो. फ्रान्समध्ये २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ वर नेण्याचा कायदा झाला तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा गवंड्याचे गुडघे आणि परिचारिकेची पाठ बघावी. ज्याने सोळाव्या वर्षी विटा उचलायला सुरुवात केली, त्याचं शरीर साठीलाच थकलेलं असतं, आणि आकडेवारी सांगते की श्रीमंतांच्या मानाने त्याला आयुष्यही कमी मिळतं. खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं आणि त्याचं वय एकाच फटक्यात दोन वर्षांनी वाढवणं म्हणजे सारखा न्याय नव्हे. वय वाढवायचंच तर ते कष्टाची आणि नोकरीच्या वर्षांची नोंद घेऊन वाढवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते स्वीडन. पाच पक्षांनी एकत्र बसून १९९४ मध्ये तत्त्वं ठरवली आणि १९९८ मध्ये मुख्य कायदे केले. वर्गणी मिळकतीच्या १८.५ टक्के. त्यातले १६ टक्के चालू वर्गणीच्या पेन्शनलाच जातात, पण प्रत्येकाच्या नावे त्याची नोंद राहते आणि त्या नोंदीवर देशातल्या सरासरी पगारवाढीच्या दराने व्याज धरलं जातं. निवृत्तीच्या वेळी नोंदलेल्या रकमेला, त्या वयानंतर माणसं सरासरी किती वर्षं जगतात त्याने भागतात. उशिरा निवृत्त व्हाल तर दरमहा जास्त, लवकर व्हाल तर कमी. योजनेची देणी तिच्या जमेपेक्षा जास्त झाली तर पेन्शनवाढीला आपोआप ब्रेक लागतो. हा ब्रेक कागदावरच राहिला नाही; २०१० मध्ये तो लागला आणि पेन्शनी खरोखर कमी झाल्या. निवृत्त चिडले, सरकारने करात थोडी सवलत दिली, पण ब्रेक काढून टाकला नाही.

उरलेले अडीच टक्के बाजारात गुंतवले जातात. २००० साली लोकांपुढे साडेचारशेहून जास्त फंड ठेवले आणि ‘निवडा’ म्हटलं. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांनी निवड केली. नंतर नव्याने आलेल्यांपैकी बहुतेकांनी काहीच निवडलं नाही आणि त्यांचा पैसा सरकारच्या स्वस्त फंडात गेला. तिथे त्यांचं नुकसान झालं नाही. दर वर्षी प्रत्येकाच्या घरी नारिंगी पाकिटातून हिशोब येत असे : तुमच्या नावावर आजवर इतकं, अमुक वयाला निवृत्त झालात तर दरमहा अंदाजे इतकं. खातं सरकारी असूनही हिशोब ज्याच्या त्याच्या हातात. खासगीकरणवाल्यांची ‘माझे पैसे मला दिसले पाहिजेत’ ही मागणी रास्तच आहे, आणि ती खासगीकरणाशिवाय पुरी होते हे इथे दिसतं.

कॅनडाने तिसरी वाट काढली. वर्गणी १९९७ ते २००३ या काळात सहा टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर नेली आणि जास्तीचा पैसा गुंतवायला सरकारच्या हस्तक्षेपाशिवाय स्वतंत्रपणे चालणारं एक मंडळ नेमलं. बाजाराचा परतावा सगळ्यांना मिळून मिळतो, जोखीमही सगळ्यांमध्ये वाटली जाते, आणि फंड निवडायचं काम गवंड्यावर येत नाही.

भारतात केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून भरती होणाऱ्यांसाठी, सैन्यदलं वगळून, हमीच्या पेन्शनऐवजी खात्यावरची योजना आणली. २००४च्या भरतीतले बहुतेक जण २०३० नंतर निवृत्त होणार, म्हणजे तोवर सरकार जुन्यांची पेन्शनही देतं आणि नव्यांच्या खात्यात हिस्साही भरतं. दुहेरी खर्चाचा हाच काळ सगळ्यात अवघड, आणि नेमक्या याच काळात राजस्थान, हिमाचल प्रदेश अशा काही राज्यांनी जुन्या योजनेकडे परतायचं जाहीर केलं. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने मधला पर्याय दिला : वर्गणी भरायची, पण पंचवीस वर्षं नोकरी झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी. कर्मचाऱ्यांची मागणी परताव्याची नव्हती, हमीची होती.

हमी हवी आणि तीही परवडणारी, तर बदल वेळेत ठरवावा लागतो. अमेरिकेने १९८३ मध्ये, राखीव निधी संपायला काही महिने उरलेले असताना, ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानंतर दोन्ही पक्षांच्या मतांनी कायदा दुरुस्त केला. त्यात पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६७ करायचं ठरलं, पण पूर्ण ६७चा नियम १९६० मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांनाच लागू होणार होता. कायदा झाला तेव्हा त्यांच्यातले सगळ्यात मोठेही तेवीस वर्षांचेच होते. आयुष्याची आखणी करायला त्यांना चार दशकं मिळाली. त्यांच्यातले पहिले ६७ वर्षांचे होतील ते २०२७ मध्ये. त्यानंतर एवढी मोठी दुरुस्ती झालेली नाही. २००५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी वर्गणीचा काही भाग खासगी खात्यांत वळवायचा प्रस्ताव आणला, तो संसदेत मतदानापर्यंतही पोचला नाही, आणि त्या भांडणात साधी डागडुजीही राहून गेली. आता २०३३ समोर दिसतंय, आणि आज साठीला आलेल्या माणसाला आधी कळवून ठेवायला चार दशकं कोणाकडेच नाहीत.